अगुणी

“यमुनाबाई, हे काय करून ठेवलंय तुम्ही?”

मी फॉर्म त्यांच्या नाकासमोर धरला. वसतिगृहाच्या मागे हौदाच्या कट्ट्यावर बसून त्या एका पोरीच्या केसांतून बारीक फणी फिरवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“भरलाय की. चाळीसच्या चाळीस घरात आकडा हाय. एकबी सोडला न्हाई.”

“आकडा आहे हो, पण कसला आकडा? एक, दोन, दोन, एक, तीन, एक! चाळीस शब्दांत एकदा तरी पाच? सात राहू द्या, अहो, पाच?”

“तुमीच म्हनला ना मॅडम, खरं लिवा मनून.”

मी कपाळावर हात मारून घेतला. दसऱ्याला आठ दिवस होते, टळटळीत दुपार होती, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता संस्थेची बैठक. तिथं मला या बाईच्या नोकरीचा निकाल वाचून दाखवायचा होता.

हे सगळं झेंगट मीच गळ्यात घेतलं होतं. बीड जिल्ह्यातलं ते तालुक्याचं गाव, १९८९ साल. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते, वय तीस, नेमणूक अजून तात्पुरती. फटकळ म्हणून मी गावभर प्रसिद्ध होते. प्राचार्य हुलसूरकर माझ्याशी बोलताना आधी घसा खाकरायचे. मला त्याचा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू?

आमच्या संस्थेचं ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह होतं. दसरा-दिवाळी झाली की आईबाप ट्रकात बसून कारखान्यांवर जायचे, ते चैत्रात परतायचे. पोरी इथं राहून शिकायच्या. यमुनाबाई तांदळे तिथं आठ वर्षं रेक्टरचं काम बघत होत्या. ‘बघत होत्या’ म्हणजे हंगामी म्हणून. शिक्षण सातवी पास. नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेल्या. स्वतः बारा वर्षं ऊस तोडलेला. पोरी त्यांना आत्या म्हणायच्या. आता सरकारी अनुदान आलं, जागा कायमची झाली, तेव्हा अर्ज दोनच राहिले. एक यमुनाबाईंचा आणि दुसरा सौ. शर्मिला सानप यांचा. शर्मिला बी.ए. बी.एड. आणि अध्यक्ष दादासाहेबांच्या मेहुण्याची सून.

सर्टिफिकिटं मांडली तर यमुनाबाई गेल्यातच जमा. म्हणून मी डोकं लढवलं. माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. माणसात पुरुषी समजले जाणारे गुण किती आणि बायकी समजले जाणारे किती, हे मोजायचं. मी चाळीस शब्द जमवले होते. ‘खंबीर’, ‘निर्णय घेणारी’, ‘धीट’ असे वीस. ‘मायाळू’, ‘दुसऱ्याचं दुःख ओळखणारी’, ‘हळवी’ असे वीस. प्रत्येक शब्दापुढं स्वतःला एक ते सात गुण द्यायचे. दोन्ही विसांची सरासरी काढायची. दोन्ही चारच्या वर असतील तर तो माणूस दोन्ही अंगांनी भरलेला. वेळ पडली तर काठी उचलणारा आणि वेळ पडली तर मांडीवर घेणारा. अशा माणसासाठीच्या इंग्रजी शब्दाला मराठी कोशात ‘उभयलिंगी’ असा प्रतिशब्द होता. तो ऐकून हुलसूरकर सर खुर्चीतून पडायचेच बाकी होते. “मॅडम, संस्थेच्या कागदावर हा शब्द? विद्यार्थिनी आहेत हो!” मग मी स्वतःच शब्द घडवले. उभयगुणी, पुरुषगुणी, स्त्रीगुणी. आणि दोन्हीकडं कमी असेल तो ‘अगुणी’. हा शेवटचा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायले होते.

दादासाहेबांना मी पटवलं. म्हटलं, पोरींच्या वसतिगृहाला उभयगुणी बाईच हवी, आणि ते मोजता येतं. दादासाहेबांनाही सुटका हवीच होती. घरातून रोज भुणभुण चाललेली. ते म्हणाले, “लावा तुमची चाचणी. शास्त्र सांगंल त्या बाईला ऑर्डर. माझ्यावर बालंट नको.” तसा ठराव झाला, लेखी. मी मनात म्हटलं, झालं काम! यमुनाबाईंपेक्षा जास्त उभयगुणी बाई जिल्ह्यात दाखवा.

आणि या बाईनं सात मिनिटांत फॉर्म भरून मला दिला होता. सरासरी एक पूर्णांक नऊ दशांश आणि दोन पूर्णांक एक दशांश.

“शर्मिलाबाईंनी काय लिहिलंय माहितीय?” मी म्हटलं. “सगळीकडं सहा नाहीतर सात. ‘धीट’ सात, ‘मायाळू’ सात, ‘नम्र’सुद्धा सात! नम्र! मला विचारत होत्या, मॅडम, यातलं चांगलं कुठलं? म्हणजे मी तेच भरते.”

“आसंल ती चांगली,” यमुनाबाई म्हणाल्या. “शिकल्याली हाय.”

“अहो, तुम्ही नाही का चांगल्या?”

“ते लोकांनी सांगावं मॅडम. आपल्या तोंडानं आपली आरती कुनी ओवाळती का? माझी आई म्हनायची, सोताला थोरला म्हनला की मानूस तिथंच संपला.”

विद्यापीठात कुणी हे सांगितलं नव्हतं. तिथं सगळी गणितं अशी, की माणसाला विचारलं की माणूस सांगतो. पण आमच्याकडं चांगल्या घरच्या बाईला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं, की स्वतःबद्दल विचारलं तर खाली बघायचं. मग ती पेन्सिलीनंसुद्धा खालीच बघते. माझ्या डोक्यात हे आधी यायला नको होतं? पण मी कोऱ्या फॉर्मांच्या प्रतींत गुंतले होते.

मी दुसरा कोरा फॉर्म काढला. खोडरबरही आणलं होतं. “चला, एकेक शब्द घेऊ. मी विचारते, तुम्ही सांगा. ‘धीट’?”

“पालीला भिते मी. ह्या पोरीस्नी इचारा.”

फणीखालची पोरगी फिस्सकन हसली. ती मंगल, सातवीतली, तेरा वर्षांची.

“पाल सोडा हो! ‘मायाळू’?”

“काल हिलाच चापट मारली. पाढे येत न्हाईत.”

“यमुनाबाई, उद्या तुमची नोकरी जाणार आहे! राहायची खोली जाणार आहे! कळतंय का तुम्हाला? कुठं जाणार तुम्ही?”

तेव्हा कुठं त्यांचा हात थांबला. त्या मंगलच्या डोक्याकडं बघत राहिल्या. “भावाकडं जाईन,” त्या म्हणाल्या. “पन माझं ऱ्हाऊ द्या. ह्या गेटावर कोन बसनार, ते सांगा.”

त्यांचं बोलणं संपतंय तोच फाटकाची कडी वाजली. कडी कसली, कुणीतरी फाटक दोन्ही हातांनी गदागदा हलवत होतं. मंगल ताडकन उठली आणि हौदाच्या मागं जाऊन बसली.

“बा आलाय,” ती म्हणाली.

यमुनाबाई तशाच फणी हातात घेऊन गेल्या. मी मागोमाग. बाहेर मंगलचा बाप उभा होता, ज्ञानोबा. डोळे लाल, डोक्याला मुंडासं.

“पोरगी काढा भाईर,” तो म्हणाला. “सोयरीक ठरलीया. परवा हळद.”

मला तिथली रीत एव्हाना माहीत झाली होती. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोराला मुकादम टोळीत घेत नाही. म्हणून दसऱ्याच्या तोंडावर तेरा-चौदा वर्षांच्या पोरींची घाईघाईनं लग्नं उरकायची, की जोडी तयार.

“तेरा वर्साची हाय ती, ज्ञानोबा,” यमुनाबाई म्हणाल्या.

“माझी पोरगी हाय. मी बघीन.”

“पोरगी तुझीच हाय. पन तिचं नाव ह्या रजिस्टरात हाय तवर गेटाची चावी माझी हाय.”

त्यानं फाटकावरून हात घालून त्यांचा खांदा धरला. मी दोन पावलं मागं सरकले, हेही सांगून टाकते. यमुनाबाई हलल्या नाहीत. “मारतूस? मार,” त्या म्हणाल्या. “म्या बारा वर्सं कोयता हानलाय. माझ्याच बापानं चौदाव्या वर्साला माझी आशीच जोडी लावली हुती. दोन लेकरं फडातच गेली माझी. तुझ्या मंगलीचं काय काय जाईल ते तुला सांगू का आता हितं उभ्यानं?”

मग त्याचा हात निघाला. तो फाटकाबाहेर खालीच बसला आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडायला लागला. आणि या बाईनं काय करावं? आत जाऊन ताटलीत दोन भाकरी, पिठलं आणि कांदा घेऊन आली. फाटक उघडून त्याच्याशेजारी मातीत बसली. “खा. सकाळधरनं काय पोटात न्हाई दिसत,” म्हणाली. “पारूबाईच्या पायाची सूज उतरली का?” पारूबाई म्हणजे मंगलची आई. तो खात खात बोलत राहिला, त्या ऐकत राहिल्या. जाताना म्हणाला, “आत्या, दिवाळीपतूर थांबतो. मंग बघू.” फाटक लागलं.

मी तर आनंदानं नाचायचीच बाकी होते. असा पुरावा कुठल्या पुस्तकात मिळतो? “आता सांगा!” मी फॉर्म पुढं केला. “‘खंबीर’ला दोन? आत्ता जे केलंत त्याला दोन?”

“हात कापत हुते माझे. दिसलं न्हाई का तुमाला?”

“मग ‘दुसऱ्याचं दुःख ओळखणारी’?”

“बापाला लेकरापासनं तोडलं, आन वर दुःख वळकलं म्हनू?”

“बरं, हा तेविसावा. ‘अन्याय दिसला तर गप्प न बसणारी’. इथंही दोन! शेजारी काय खरडलंय हे? ‘कधीमधी गप बसते’?”

“नवरा मारायचा तवा धा वर्सं गप बसलेच की. खोटं कसं लिवू?”

“मी माझ्या फॉर्मवर इथं सात लिहिलेत,” मी म्हटलं. वर्गात दाखवायला मी नमुना म्हणून स्वतःचा फॉर्म भरला होता. सरासरी सहाच्या वर, दोन्हीकडं. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“तुमी बोलताच की,” यमुनाबाई अगदी मनापासून म्हणाल्या. “समदं गाव भितं तुमाला.”

“मग घ्या हे खोडरबर. प्रत्येक ठिकाणी पाच करा. मी कुणाला सांगत नाही.”

त्यांनी खोडरबर हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि मला परत दिलं. “पोरींनी कापी केली तर हातावर मारते मी,” म्हणाल्या. “एकदा लिवलं ते लिवलं. तुमी हाव की उद्या मिटिंगला. तुमी बगितलंय समदं. तुमी सांगा.”

मी घरी येईपर्यंत पुटपुटत होते. हट्टी बाई! दैव देतं आणि कर्म नेतं, ते हेच. पण मनात भाषणही जुळत होतं. उद्या उभी राहणार आणि सांगणार की या आकड्यांना अर्थ नाही. शर्मिलाबाईंचे सात म्हणजे सात नव्हेत आणि यमुनाबाईंचे दोन म्हणजे दोन नव्हेत. या चाचणीत माणूस किती चांगला ते कळत नाही, स्वतःला किती चांगला म्हणवतो तेवढंच कळतं. ज्ञानोबाची हकीकत सांगणार. ठराव फिरवा म्हणणार. दोन वेळा आरशासमोर म्हणूनही बघितलं.

बैठकीला दादासाहेब, हुलसूरकर सर आणि दोन संचालक. मी तक्ता वाचला. सौ. सानप, उभयगुणी. श्रीमती तांदळे... मी थांबले.

“काय ते?” एका संचालकांनी विचारलं.

“अगुणी,” हुलसूरकर सरांनी माझ्या हातातल्या कागदात डोकावून वाचलं. “म्हणजे पुरुषाचे गुण नाहीत, बाईचेही नाहीत. आठ वर्षं आपण कुणाला ठेवलं होतं म्हणायचं?”

दोघे संचालक हसले. दादासाहेब हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते. “मॅडम,” ते म्हणाले, “यमुनाबाईंचं काम मी आठ वर्षं बघतोय. हे मला पटत नाही. तुमचा आकडा चुकला असंल तर आत्ताच सांगा. मी घरच्यांना सांगतो, शास्त्रानंच फेरतपासणी सांगितली म्हणून. माझी ना नाही.”

बघा, कसं असतं. दार सताड उघडून माणूस बाजूला उभा होता. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. एवढ्यात हुलसूरकर सरांनी घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, “चाचणीच चुकते असं इतिवृत्तात लिहायचं का मग? तुमचा प्रबंध त्याच्यावरच आहे ना? विचार करून बोला.” त्यांच्या कोपराखाली विषयपत्रिका होती. विषय क्रमांक चार आमचा चालू होता. पाच नंबरला माझं नाव होतं. ‘सेवेत कायम करणेबाबत.’

माझी जीभ, जिला सगळं गाव भ्यायचं, ती टाळूला चिकटली. दादासाहेब वाट बघत होते. चांगलं अर्धं मिनिट बघितली असेल त्यांनी.

“बेरीज बरोबर आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे चुकलेला नाही?”

“बेरीज दोनदा तपासली आहे.”

दादासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मग झालं,” ते म्हणाले. “पुढचा विषय घ्या.”

तीन दिवसांनी यमुनाबाई एस.टी. स्टँडवर भेटल्या. भेटल्या म्हणजे त्या दिसल्यावर मी वळून जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली. एक पत्र्याची पेटी, एक बोचकं. सोबत दहा-बारा पोरी, रडून रडून नाकं लाल झालेल्या. मंगल पेटीवर बसली होती.

त्यांनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, म्या नापास झाले ना?” त्या कुजबुजल्या. “पोरींना सांगू नगा. मी त्यांना आब्यास कर, आब्यास कर मनून मारत हुते, आन आपनच नापास.”

आता इथं तरी माझ्या तोंडून खरं निघावं की नाही? नाही निघालं. मला अशी काही तिडीक आली की मी त्यांच्यावरच ओरडले. “मग मी सांगत होते ते काय होतं? नीट भरा, नीट भरा म्हणून घसा कोरडा केला! ऐकलंत का माझं? स्वतःच्या हातानं केलंत हे!” स्टँडवरची माणसं बघायला लागली.

“व्हय, चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. “तुमी बोलला असाल तितं, माहीत हाय मला. तुमच्यावर राग न्हाई.” मग त्यांनी माझा हात धरला. “दिवाळीला ज्ञानोबा यील. नव्या बाईंना सांगा, गेट उगडू नगा. फकस्त जेवायला घाला.”

मी सांगितलं. खरंच सांगितलं, चिठ्ठी लिहून. शर्मिलाबाई काही वाईट नव्हत्या. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानोबा सोयऱ्यांसकट आला, फाटकाशी आरडाओरडा झाला, आणि त्या घाबरल्या. बापाला अडवायला आपण कोण, असंही त्यांना वाटलं असेल. रजिस्टरात शेरा होता, ‘वडिलांसोबत गेली’. मंगलची वह्या-पुस्तकं खिडकीत तशीच राहिली. सातवीचं गणित, आणि पाढ्यांची वही.

माझी कायमची ऑर्डर त्याच आठवड्यात हातात आली. सही दादासाहेबांची. सहीखाली तारीख होती, ती मी तीनदा वाचली. बैठकीच्या आदल्या दिवसाची होती. सही आधीच झालेली होती, बैठकीत फक्त वाचून दाखवायची राहिली होती. मी काहीही बोलले असते तरी ती फिरली नसती. कशाची भीती वाटली होती मला?

यमुनाबाई पुढं पाच वर्षांनी भावाकडंच वारल्या. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्या नापास झाल्या.

मी अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. माझी चाचणी छापली गेली, नंतर बऱ्याच जणांनी वापरली. ‘अगुणी’ हा शब्द मी प्रबंधातून काढला, कारण विचारलं तेव्हा काहीतरी थाप मारली. दरवर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला पोरं चाळीस शब्द भरतात, हसतात, आणि एखादी पोरगी विचारतेच, “मॅडम, तुम्हाला किती आले होते? तुमचा फॉर्म दाखवा ना.”

मी खेकसते, “सापडत नाही. बसा खाली.”

कपाटात आहे तो. वरच्या खणात, यमुनाबाईंच्या फॉर्मला टाचणीनं जोडलेला. दोन्हींवर तेविसावा शब्द एकाखाली एक येतो. माझे सात आहेत. त्यांचे दोन आहेत, आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, कधीमधी गप बसते.